पाटीचा डोळा कोणी उघडायचा

मल्लेश्वरमात मी राहायला आले ती त्र्याण्णवच्या सुरुवातीला, आणि आठ दिवसांत माझं डोकं फिरलं. कारण पाट्या. उल्हासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्याने मला बंगळूरचं फार कौतुक सांगितलं होतं. हवा छान, कॉफी छान, माणसं शांत. पाट्यांबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता.

मी इंग्रजीची मास्तरीण. पुण्यात आमच्या घरी चूक दुरुस्त करणं हाच प्रेमाचा प्रकार होता, त्यामुळे माझ्यावर घरच्यांनी फारच प्रेम केलं असं म्हणता येईल. इंग्रजीत शब्दाच्या डोक्याशी जो स्वल्पविराम टांगतात, त्याला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. आपलं चा-ची-चे जे करतं, तेच तो करतो, म्हणजे वस्तू कोणाची ते सांगतो. कुठे अक्षर गाळलं असेल तर तिथेही बसतो. झालं, एवढंच त्याचं काम. एकाचे अनेक करणं हे त्याचं काम नाही, शोभेसाठी तर तो नाहीच नाही. हे मी मुलांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवत आले होते.

आणि इथे कोपऱ्यावरच्या हॉटेलावर 'इडली'ज, वडा'ज अँड कॉफी'ज'. पलीकडे 'लेडी'ज टेलर', म्हणजे एकाच बाईचा शिंपी. ती बाई कोण हे मला फार दिवस जाणून घ्यायचं होतं. एका बंगल्याच्या फाटकावर 'बिवेअर ऑफ डॉग'ज'. कुत्र्याच्या मालकीच्या कशापासून सावध राहायचं, ते काही लिहिलेलं नव्हतं. आठव्या क्रॉसवरच्या, म्हणजे आठव्या गल्लीतल्या, दाताच्या डॉक्टरने तर राव या आपल्या इवल्याशा आडनावाच्या मधोमध ॲपॉस्ट्रॉफी घुसवला होता. बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टरांचा स्वतःचाच एक दात पडलाय.

"सुचेता, तिथे इडली मिळते ना?" उल्हास म्हणायचा.

"मिळते."

"चांगली असते ना?"

"असते."

"मग खा की गप."

मी खात होते, पण गप बसत नव्हते. आणि खातानाच एकदा मला दिसलं की पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'के. राव आर्ट्स' असं लिहिलंय. टेलरच्या पाटीवर तेच. डॉक्टरच्या, कुत्र्याच्या, सगळ्या पाट्यांवर तेच. म्हणजे एकच माणूस होता. एवढा सगळा धुमाकूळ एका माणसाने घातला होता, आणि स्वतःच्या नावावर मात्र त्याने एकही ॲपॉस्ट्रॉफी लावला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संपिगे रोडच्या मागच्या गल्लीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये मला तो सापडला. उंच, हडकुळा, साठीचा म्हातारा. कमरेला लुंगी, अंगात बनियन. ब्रश पुसायला वेगळं फडकं ठेवण्याची त्याची पद्धत नव्हती, बनियनच पुरायचं, त्यामुळे त्या महिन्यात गावात कुठल्या रंगाच्या पाट्या लागल्या ते त्याच्या पोटावर बघून कळायचं. भिंतीला टेकवलेल्या एका पाटीवर 'पोटॅटोज अँड ओनियन्स' लिहून झालं होतं. अक्षरं बघून मी एक क्षण भांडण विसरले, खोटं कशाला बोलू. इतकी घाटदार, तोललेली अक्षरं मी छापातही पाहिली नव्हती. आणि आता या पोटॅटोवरही तो ठिपका बसणार, या विचाराने माझ्या तोंडून गेलं, "शी! काय हे!"

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. "शी म्हटलं की नाही आता? मराठी हाय!" तो एवढा खूश झाला की मी आणलेली सगळी इंग्रजी-हिंदी भांडणं घशातच राहिली. "या की अक्का, बसा. स्वल्प कॉफी घ्या."

मी त्याच्या मुलीच्या वयाची, पण अक्का. मग मीही त्याला अण्णा म्हणू लागले. नाव कृष्णाजीराव. या गावातल्या जुन्या मराठी घरांपैकी एक. "आमचे थोरले शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले," त्याने कॉफी ओतता ओतता सांगितलं. "मग परत जायचं राहूनच गेलं बघा." जणू गाडी चुकली होती आणि पुढची अजून यायची होती.

त्या दिवशी मी त्याला ॲपॉस्ट्रॉफीबद्दल जे ऐकवायला गेले होते ते ऐकवलंच नाही. कॉफी फार चांगली होती, आणि शेडच्या कोपऱ्यात पाच वर्षांची एक मुलगी पत्र्यावर खडूने अक्षरं काढत बसली होती. ही आर्या, अण्णाची नात. तिची आई, अण्णाची मुलगी रूपश्री, पीण्या या कारखान्यांच्या भागात गारमेंट फॅक्टरीत शर्टांना कॉलर लावायची. बाप होसूरला होता. तो पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जेवून जायचा. मुलगी दिवसभर आजोबापाशी.

"अण्णा, ही लिहिते की," मी म्हटलं.

"लिहीत नाही अक्का, काढते. मी पण काढतोच. इतकी वर्षं झाली, काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगायचं." तो हसला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं आणि हा त्याचं चित्र काढायचा. "ही वाचणार पण. पाटी काढायची मी, वाचायची हिनं. एवढंच मागणं हाय बघा."

हे मागणं कुठे अडलं होतं, ते त्याने पुढच्या खेपेला सांगितलं, आणि मी ज्या शाळेत नुकतीच लागले होते तिचंच नाव घेतलं.

आमची शाळा यशवंतपूरच्या अंगाला होती. 'लिटल लोटस चिल्ड्रन्स स्कूल'. ट्रस्टचे अध्यक्ष मानसिंगराव हे बाजारातले कांद्याचे मोठे अडते. शाळा त्यांच्या जुन्या गोदामात भरायची, आणि पावसाळी हवेत पहिलीच्या वर्गात अजून कांद्याचा वास यायचा. प्रिन्सिपल प्रतिमा मॅडम नागपूरच्या. बाईंना चूक खपत नसे. नोटीस बोर्डावरची वाकडी टाचणीही त्या स्वतः काढून सरळ टोचत. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. मॅडम शाळेला 'माय स्कूल' म्हणत आणि मानसिंगराव छातीवर अंगठा ठेवून 'आमची शाळा' म्हणत. दोघं एकमेकांसमोर असताना मात्र नुसतं 'शाळा' म्हणत.

रूपश्री आर्याला घेऊन याच शाळेत प्रवेशासाठी आली होती. फॅक्टरीतला एक दिवस बुडवून. वॉचमनने दोघींना फाटकाबाहेर उभं केलं आणि तो विसरला. गाड्यांमधून येणारे आईबाप आत जात होते, या दोघी उन्हात. सकाळची दुपार झाली तेव्हा कुणाच्या तरी ते लक्षात आलं. मग मुलाखत. आमच्याकडे मुलापेक्षा आईबापांचीच मुलाखत होई. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, घरी मुलीशी काय काय करता? रूपश्री म्हणाली, येस. मॅडमनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, येस. प्रवेश नाकारला.

हे ऐकून मला राग आला, आणि तो नेमका कोणावर काढायचा ते कळेना, हे आणखी वाईट. मॅडमना मी काही बोलू शकत नव्हते, नोकरी नवी होती. पण देव अशा वेळी पाट्या पाठवतो. शाळेला नवा पोर्च बांधला होता, त्यावर मोठी पाटी हवी होती. कंप्युटरने कापलेल्या अक्षरांच्या पाट्या तेव्हा नुकत्या निघाल्या होत्या, पण त्यांचा भाव ऐकून मानसिंगरावांनी कानावर हात ठेवले. मी अण्णाचं नाव सुचवलं. मॅडमनी त्याची अक्षरं पाहिली, त्यांना आवडली. मग अण्णाने हात जोडून सांगितलं की पैसे बेडा, म्हणजे नकोत, नातीला घ्या.

मॅडमनी बराच वेळ पेन वाजवलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण पाटी परफेक्ट पाहिजे. गावभर लागतात तशी नको. एक चूक दिसली, तर पाटी पण परत आणि मुलगी पण परत. सुचेता, तुम्ही लक्ष ठेवा."

झालं. गावातल्या यच्चयावत चुका ज्याच्या पाट्यांवर होत्या, त्या माणसाने एक पाटी बिनचूक काढली तर त्याची नात शाळेत जाणार होती. आणि जबाबदारी माझ्यावर. मी शाळा सुटली की रोज शेडमध्ये जाऊन बसू लागले. अण्णा निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं भरायचा, आर्या खाली बसून तीच अक्षरं खडूने काढायची, आणि मी दोघांकडे संशयाने बघत कॉफी प्यायचे. पोटॅटोवाल्याची पाटी तेवढ्यात बाजारात गेली. जाताना ती साफ होती. दोन दिवसांनी मी पाहिली तर पोटॅटोवर ठिपका बसलेला.

पाटी पूर्ण झाली त्या दिवशी मी एकेक अक्षर तपासलं. लिटल बरोबर. लोटस बरोबर, आणि डोक्यावर काही नाही. मला हायसं वाटलं. मग चिल्ड्रन्सवर नजर गेली. साऱ्या मल्लेश्वरमात ही एकच पाटी अशी होती की जिच्यावर ॲपॉस्ट्रॉफी खरोखर हवा होता, एन आणि एसच्या मध्ये. आणि नेमका इथेच तो नव्हता.

"अण्णा!" मी ओरडले. "इथला तो वरचा ठिपका कुठाय? जिथे नको तिथे गावभर लावत सुटलात, आणि इथे गाळलात?"

"डोळा म्हणता काय?" अण्णा शांतपणे ब्रश पोटाला पुसत होता. "तो मी नाही उघडत, अक्का. मी जन्मात एक पण नाही उघडला. तो मालकानं उघडायचा."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. अण्णाचे वडीलही पेंटरच. इंग्रजांच्या काळात त्यांनी कँटोन्मेंटातल्या एका गोऱ्या बेकरीवाल्याची पाटी रंगवली. साहेबाने पाटी पाहिली, लाल झाला, वडिलांच्या हातातून ब्रश ओढून घेतला, अक्षरांच्या डोक्याशी एक शेपटीवाला ठिपका दिला आणि ब्रश परत केला. वडील घरी येऊन म्हणाले, गोऱ्यांच्यातही आपल्यासारखंच हाय. आपण मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतो, ते पाटीचा उघडतात. आणि तो मालक स्वतःच्या हाताने उघडतो. तेव्हापासून या घराण्याने रंगवलेल्या प्रत्येक पाटीला नारळ फुटल्यावर मालकाच्या हाती ब्रश दिला जात होता. जिचा डोळा उघडला नाही ती पाटी आंधळी, आणि आंधळ्या पाटीखाली धंदा चालत नाही.

"अहो, तुमच्या वडिलांनी तो गाळला होता!" मी म्हटलं. "साहेबाने चूक दुरुस्त केली!"

अण्णाने यावर विचार केला. "असेल," तो म्हणाला. "पण बेकरी चालली की त्याची."

म्हणजे इडलीचा ठिपका इडलीवाल्याने दिलेला, लेडीजचा शिंप्याने. ज्याला जिथे योग्य वाटलं तिथे. कोणी शेजाऱ्याची पाटी बघून, कोणी नुसताच अंदाजाने. "दाताचा डॉक्टर शिडीवर चढल्यावर असा कापायला लागला," अण्णा म्हणाला, "जिथं हात टेकला तिथं उघडला." मला इतके दिवस जपून ठेवलेला राग एकदम बिनपत्त्याचा झाल्यासारखं वाटलं.

"आणि कोपऱ्यात तुमचं स्वतःचं नाव? त्याला डोळा नाही?"

"माझं काय हाय, अक्का? मी कशाचा मालक?"

मी त्याला विनवलं. म्हटलं, एक वेळ नियम मोडा, मी खडूने खूण करते, तुम्ही ठिपका द्या. आर्याच्या प्रवेशाचा प्रश्न आहे. अण्णाचा चेहरा उतरला. त्याने नातीकडे पाहिलं, ब्रश हातात घेतला, पाटीपाशी नेला, आणि त्याचा हात चालेना. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात तो. मला त्याची दया आली आणि संतापही आला. मग आम्हाला दोघांनाही एकदमच सुचलं.

"मॅडमनाच उघडू द्या की," तो म्हणाला.

"मॅडमच उघडतील!" मी म्हणाले. प्रतिमा मॅडमइतकं चोख इंग्रजी गावात कोणाचं होतं? त्यांच्या हातून चूक होणं अशक्य. अण्णाची रीत राहील, पाटी बिनचूक होईल, आर्या शाळेत जाईल. मी एन आणि एसच्या मध्ये खडूची बारीक खूण केली, आणि आनंदाच्या भरात अण्णाकडे तीन कप कॉफी प्यायले.

कार्यक्रम मे महिन्यातल्या एका रविवारी होता. पोर्चला झेंडूच्या माळा, खाली भाड्याचा लाल गालिचा, दारात सनईसारखं नादस्वरम, कन्नड वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर. दारात गाड्यांची रांग. मुलं मात्र एकही नव्हतं. मॅडमनी शिक्षकांना स्पष्ट सांगितलं होतं, मुलांना बोलावू नका, गालिचा खराब होतो. पाटी आधीच पोर्चवर चढवली होती. तिच्यासमोर दोन शिड्या आणि शिड्यांवर आडवी टाकलेली फळी. फळीवर अण्णा, धुतलेल्या बनियनमध्ये, हातात ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा. आर्याला तो बरोबर घेऊनच आला होता, कारण रविवारीही रूपश्रीचा ओव्हरटाइम होता. ती माझ्याजवळ उभी राहून पेढा खात होती.

नारळ फुटला. मी मॅडमना सगळं समजावून ठेवलंच होतं. त्या साडी सावरत डावीकडच्या शिडीकडे निघाल्या. तेवढ्यात अण्णाने, त्याच्या पद्धतीप्रमाणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मालक कोण? मालकानं यावं. डोळा उघडायचा हाय."

आणि उजवीकडच्या शिडीवर मानसिंगरावांनी पाय ठेवला.

डावीकडे मॅडमचा पाय पहिल्या पायरीवर, उजवीकडे मानसिंगरावांचा.

"तुम्ही कशाला त्रास घेता सर," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "इंग्लिशचं काम आहे. माय स्कूल, मी करते."

"जागा माझी, वीट माझी, पोर्च माझा," मानसिंगराव म्हणाले, "आणि मालक तुम्ही? सरी सरी, बरं बरं! उद्या म्हणाल कांदे पण माझे."

"कांद्याचा वास अजून येतो, तो तुमचाच आहे."

पाहुणे गालातल्या गालात हसू लागले. नादस्वरमवाल्याला वाटलं काही शुभ चाललंय, त्याने जोरात सुरुवात केली. दोघंही पायरी सोडेनात. दोघांच्या वजनाने वरची फळी हलायला लागली आणि अण्णा मधोमध ब्रश सांभाळत उभा. भटजी घड्याळ दाखवू लागले, साडेचारला राहुकाळ लागत होता. राहुकाळात डोळा उघडायचा नाही. न उघडता खाली उतरायचं, तर पाटी आंधळी. मानसिंगरावांनी उघडला तर तो कुठे बसेल ते देवच जाणे, आणि मॅडम आर्याला फाटकातही उभी करणार नाहीत. मॅडमनी उघडला तर मानसिंगराव पाटी उतरवून गोदामात टाकतील. मी तोंडाला पदर लावून आर्याचा हात घट्ट धरला.

"अक्का," अण्णाने वरून मला हाक मारली. "मला वाचता येत नाही. ह्या पाटीवर शाळा कुणाची म्हणून लिहिलंय?"

नादस्वरम थांबला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मॅडमसुद्धा. नोकरी नवी होती, हे मी आधी सांगितलंच आहे.

"मुलांची," मी म्हटलं.

"मग मुलं कुठं हाईत?"

लाल गालिच्यावर मोठी माणसंच मोठी माणसं होती, आणि एक मुलगी, तोंडाला पेढा लागलेली.

"द्या तिला वर," अण्णा म्हणाला.

दोन्ही शिड्यांवर दोन मालक होते, म्हणून मी मधूनच आर्याला उचललं, डोक्यावर धरलं आणि अण्णाने वाकून तिला फळीवर ओढून घेतलं. कडेवर बसवलं. तिच्या हातात ब्रश दिला. मी खालून ओरडले, "आर्या, तिथे! खडूची खूण दिसतेय ना, तिथे!"

आर्याने खुणेकडे पाहिलं. मान हलवली. "इथं नको," ती म्हणाली आणि डावीकडे बोट दाखवलं. अण्णा फळीवरून दोन पावलं सरकला. "आणखी." तो आणखी सरकला. शब्दच्या शब्द मागे पडत गेले. ती त्याला पाटीच्या अगदी पहिल्या टोकापर्यंत घेऊन गेली, लिटलच्याही अलीकडे, आणि पहिल्या अक्षराच्या डोक्याशी तिने एक भला मोठा पांढरा गोळा थापला. शेपूट आपोआपच खाली ओघळलं. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना घरी जायचं होतं.

"आय्तु," अण्णा म्हणाला. झालं.

मॅडमनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ॲपॉस्ट्रॉफीच्या जितक्या चुका मी आजवर पाहिल्या होत्या त्यातली ही सर्वांत मोठी होती, शब्दशः मोठी, नारळाएवढी. पाहुणे पांगल्यावर मी अण्णाला गाठलं. मला रडू येत होतं आणि मी त्याच्यावरच ओरडले. "काय केलंत हे? निदान तिचा हात धरून खुणेवर न्यायचा होतात! सीट गेली ना आता!"

अण्णा नळाखाली ब्रश धूत होता. "गेली," तो म्हणाला. "ठाऊक हाय अक्का. पण मालकाचा हात धरायचा नसतो." आणि मग माझ्याकडे न बघता, "रूपाला काय सांगू आता, तेवढं तुम्ही सांगा मला."

मी त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतःच धुऊ लागले.

दुसऱ्या दिवशी कन्नड वर्तमानपत्रात फोटो आला. कडेवरची मुलगी, उचललेला ब्रश, आणि खाली ओळ, की यशवंतपूरच्या शाळेत मान्यवरांना बाजूला ठेवून शाळेच्याच विद्यार्थिनीच्या हस्ते पाटीचं अनावरण, आदर्श उपक्रम. फोटोग्राफर फोटो काढून, पेढे खाऊन लगेच गेला होता, त्याने चौकशी केली नव्हती. पण लोकांनी केली. आठवडाभर फाटकाशी आईबापांची रीघ लागली. आमच्या मुलाला याच शाळेत घालायचं, जिथे मुलांना मान आहे. मानसिंगराव सगळ्यांना सांगत होते की कल्पना त्यांची. मॅडमही सगळ्यांना सांगत होत्या की कल्पना त्यांची. दोघं प्रथमच एका गोष्टीवर सहमत होते. मग एका बाईंनी विचारलं, ती फोटोतली मुलगी कुठल्या वर्गात आहे, तिला भेटता येईल का? मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेन वाजवलं. म्हणाल्या, "सुचेता, त्या पेंटरला निरोप द्या. जूनमध्ये मुलीला पाठव म्हणावं. युनिफॉर्ममध्ये."

मी रिक्षा करून गेले. बसने जाण्याएवढा धीर मला नव्हता. अण्णाने ऐकलं, मान हलवली, "सरी" म्हणाला, आणि उलट्या बाजूला तोंड करून कुठलीतरी कोरडी पाटी पुसत बसला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी तो आर्याला सोडायला आला. निळा पिनाफोर, दोन वेण्या, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं दप्तर. आई कामावर जाता जाता बसच्या खिडकीतून बघून गेली होती. अण्णा फाटकाच्या आत आला नाही. बाहेरूनच मान वर करून पाटीकडे बघत होता. तो पांढरा गोळा सकाळच्या उन्हात चकाकत होता.

मला राहवेना. ही माझी जातच. "अण्णा," मी म्हटलं, "मॅडम म्हणत होत्या, थोडा निळा रंग लावून तो झाकता येईल का? आणि बरोबर जागी दुसरा."

"उघडलेला डोळा मी कसा मिटू? मालकाला विचारा की," तो म्हणाला आणि त्याने नातीकडे बोट दाखवलं.

म्हणून मी विचारलं. "आर्या, मी तुला खूण केली होती ना? मग तू तिकडे टोकाला कशाला लावलास?"

ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत राहिली.

"तिथून गेट दिसतं," ती म्हणाली. "मी आणि आई उभ्या होतो तेव्हा कुणी बघितलंच नाही."

आणि आजोबाचा हात सोडून ती आत गेली.